फाटकात उभी केलेली गाडी

देवळाली प्रवरातल्या सहादेवरावांच्या घरात त्या रविवारी सकाळी सहालाच भांडण जुंपलं. भांडण साडीवरून नव्हतं, आहेरावरूनही नव्हतं. भांडण गाडीवरून होतं.

आत्याच्या नातवाचं, रामचं, पुण्यात लग्न होतं. आत्याच्या मुलानं आठवडाभर आधीच सगळ्या पाहुण्यांना मोबाईलवर निरोप धाडला होता. कार्यालय गल्लीत आहे, शक्यतो मोठ्या गाड्या आणू नका. आणल्याच तर जवळच्या शाळेच्या मैदानात लावा, तिथून कार्यालयापर्यंत रिक्षा ठेवल्या आहेत.

"अहो, एवढं सपष्ट लिवलंय," रेश्मा केसांत गजरा माळता माळता म्हणाली. "एक तर यष्टीनं जाऊ, न्हाईतर मैदानात लावू."

"मैदानात?" सहादेवराव एकदम उसळले. "मैदानात लावायला गाडी घेतली व्हय मी? तिथं बघणार कोण, शाळेची घसरगुंडी?"

"गाडी बसायला असती. बघायला न्हाई."

"तुला न्हाई कळायचं!"

रेश्माला सगळं कळत होतं. साऱ्या गल्लीला कळत होतं. सहादेवरावांच्या पोटात दुखत होतं आणि त्या दुखण्याचं नाव होतं काकासाहेब.

काकासाहेब म्हणजे सहादेवरावांचे चुलत भाऊ, चार वर्षांनी थोरले. दोघांची घरं एकाच आळीत, दोघांच्या उसाला एकच बांध. माणूस शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण लोकांना त्यांच्याबद्दल काय वाटायचं कोण जाणे, लग्न कुणाचंही असो, माईकवाला सुरुवात केली की तिसरं-चौथं नाव काकासाहेबांचं घ्यायचा. "आपल्यामध्ये उपस्थित आहेत देवळाली प्रवराचे काकासाहेब पाटील, त्यांचं मी वधूवरांच्या वतीनं मनापासून स्वागत करतो!" मग फेटा, नारळ, पुढची खुर्ची. सहादेवराव मागं चौथ्या रांगेत बसून मुठीतल्या अक्षता आवळत राहायचे. त्यांचं नाव कधी म्हणजे कधीच आलं नाही. एकदा तर ते माईकवाल्याच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले होते. त्यानं त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, मागच्यांना नवरी दिसत नव्हती म्हणून!

मग काकासाहेबांनी पांढरी मोठी गाडी घेतली आणि सहादेवरावांची झोपच उडाली. वर्षभरात त्यांनीही घेतली. काळी, सात माणसं बसतील अशी. शोरूममध्ये विक्रेता इंजिनाबद्दल सांगत होता, मायलेजबद्दल सांगत होता. सहादेवरावांनी एवढंच विचारलं, "पांढरीपेक्षा उंच हाय का?" तो म्हणाला, चार बोटं उंच आहे. झालं, काम झालं. नंबरही हट्टानं मिळवला, शेवटी चार साते.

आणि मग राहुरीच्या एका लग्नात तो प्रसंग घडला. घाईघाईत सहादेवरावांनी गाडी मांडवाच्या तोंडाशी आडवी लावली होती. आचाऱ्याचा टेम्पो अडला आणि माईकवरून आवाज आला, "एमएच सतरा, चार साते, देवळालीचे सहादेवराव पाटील यांनी कृपया आपली गाडी काढावी!" सगळ्या मांडवानं माना वळवल्या. कुणी तरी म्हणालं, चार साते म्हणजे ती काळी, मोठी. सहादेवराव उठले आणि भरल्या मांडवातून चालत निघाले. पुढच्या खुर्चीवरच्या काकासाहेबांनीही वळून पाहिलं. त्या पन्नास पावलांत सहादेवरावांना जे सुख मिळालं, ते गाडी घेतली त्या दिवशीही मिळालं नव्हतं.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात त्यांची गाडी अडचणीतच उभी राहू लागली. कधी मांडवाच्या तोंडाशी, कधी जेवणाच्या वाटेवर. हसू नका. आपल्याकडं गाडीचा नंबर माईकवर पुकारला की शरमेनं उठणारे किती आणि मिशीला पीळ देत उठणारे किती, हे एकदा मोजून पाहा.

तर अशा बेतानं काळी गाडी पुण्याला निघाली. वाघोलीच्या गर्दीत अर्धा तास गेला, पुढच्या सिग्नलांनी आणखी पाऊण तास खाल्ला. कार्यालयाच्या गल्लीत शिरताना दोन्ही बाजूंचे आरसे मिटवावे लागले. गल्लीत दुचाक्यांची दाटी होती, पण कार्यालयाला लागून एका जुन्या तीन मजली इमारतीचं लोखंडी फाटक होतं आणि त्याच्यासमोर बरोबर एका गाडीची जागा रिकामी होती.

"बघ," सहादेवराव खूश होऊन म्हणाले, "आपल्याचसाठी ठेवलीय."

"अहो, फाटक हाय ते! म्हनून रिकामी हाय."

इमारतीचा राखणदार धावत आला. "साहेब, इथं नका लावू, आतून लोकांना यायचं-जायचं असतं."

"दहा मिनिटं," सहादेवराव म्हणाले आणि गाडी भिंतीला इतकी खेटून लावली की फाटकातून माणूस आडवा होऊनच बाहेर पडू शकला असता. राखणदार काही बोलेपर्यंत ते कार्यालयाच्या पायऱ्या चढलेसुद्धा.

आत जाताना त्यांनी गल्ली नीट न्याहाळली. पांढरी गाडी कुठंच नव्हती. आले नसतील की काय? सहादेवरावांचा चेहराच पडला. तीन-साडेतीन तास गाडी हाणत आणली ती कुणासाठी? पण हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि समोरच काकासाहेब दिसले. पहिल्या रांगेत, डोक्याला केशरी फेटा. भोवती चार म्हातारी माणसं, आत्या तर त्यांचा हात धरून बसलेली.

"दादा, गाडी दिसली न्हाई तुमची?" सहादेवरावांनी विचारलं.

"मैदानात लावली की. तिथून रिक्षानं आलो, दोन मिंटात," काकासाहेब हसून म्हणाले. "तू आनली का रं तुझी?"

"आनली की! हितंच हाय, दारात!"

"बरं झालं," काकासाहेब म्हणाले आणि आत्याशी बोलू लागले. एवढंच! ना कौतुक, ना आश्चर्य. सहादेवरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. गाडी मैदानात टाकून रिक्षानं आलेल्या माणसाला पहिली रांग, आणि दारात गाडी लावणारा चौथ्या रांगेत! तेवढ्यात माईकवाल्यानं काकासाहेबांचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. सहादेवरावांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी मोबाईल काढून उगाच पाहिला.

पावणेबाराला माईक पुन्हा बोलला. "एमएच सतरा, शेवटी चार साते, काळी गाडी. कृपया ताबडतोब काढावी."

सहादेवरावांची छाती फुगली. त्यांनी घरूनच बांधून आणलेला फेटा सारखा केला. रेश्मानं कोपर मारलं. "उठा, आपलीच हाय."

"थांब की. नाव कुटं घेतलं? नुसता नंबर घेतला. कुनाला कळतंय कुनाची ती."

पाच-सात मिनिटांनी पुन्हा तेच. "काळी गाडी, चार साते. फाटक अडलं आहे, विनंती आहे." याही वेळी नाव नाही. सहादेवराव बसूनच राहिले. रेश्मा रागानं उठून बायकांत जाऊन बसली. बाराला पाच मिनिटं कमी असताना कुणा नातेवाइकानं नंबर ओळखला आणि माईकवाल्याच्या कानात सांगितलं.

"देवळाली प्रवराचे सहादेवराव पाटील! सहादेवराव पाटील, आपण जिथं असाल तिथून..."

आता उठायला हरकत नव्हती! सहादेवराव उठले. कडेची वाट मोकळी होती, पण ते मधल्या वाटेनं निघाले. ओळखीच्यांना नमस्कार करत, काकासाहेबांच्या खुर्चीपाशी जरा रेंगाळून, खिशातली चावी बोटाभोवती फिरवत. बाहेर पोहोचायला आणखी पाच मिनिटं लागली.

बाहेर आले आणि चावी बोटातच थांबली.

फाटकाच्या आत, जिन्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक सत्तरीच्या बाई बसल्या होत्या. पाय सुजलेले, चेहरा पिवळसर, श्वास लागलेला. शेजारी चालताना धरायची चौकट, वॉकर, उभी होती. बाजूला पांढऱ्या सदऱ्यातले एक वृद्ध गृहस्थ हातात फाइल घेऊन उभे होते. त्यांचं नाव विष्णुपंत, बाई त्यांच्या पत्नी नीलांबरी.

"आपली गाडी का?" विष्णुपंतांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "कृपा करून काढता का? हिला डायलिसिसला न्यायचंय. बाराची वेळ आहे. ती चौकट घेऊन तुमच्या गाडीच्या फटीतून निघत नाही हो."

सहादेवरावांनी गडबडीनं गाडी मागं घेतली. पण तोवर बाहेर थांबलेला रिक्षावाला कंटाळून निघून गेला होता. दुसरी रिक्षा लग्नाच्या गर्दीत गल्लीत शिरेना. राखणदार सहादेवरावांकडं नुसता बघत होता. चार माणसं जमली. आता काही तरी करणं भागच होतं.

"बसा, मी सोडतो," ते म्हणाले. खरं सांगायचं तर दया कमी आणि लाज जास्त होती. गाडी इतकी उंच की नीलांबरीबाईंना दोघांनी उचलून आत बसवावं लागलं. ती चार बोटं जास्तीची उंची आता त्यांना त्रासाची झाली.

दवाखाना फार लांब नव्हता, पण पोहोचेपर्यंत साडेबारा वाजले. मशीनच्या खोलीतली परिचारिका बाहेर आली आणि तिनं मान हलवली. "आजोबा, वीस मिनिटं वाट बघितली. मग दुसरा पेशंट घेतला हो, त्याची तब्येत फार खराब होती. आता एकदम तीन वाजता."

"तीन वाजता?" विष्णुपंतांचा आवाज पहिल्यांदाच कापला. "शुक्रवारपासून हिच्या अंगात पाणी साठलंय बाई."

"मी ऑक्सिजन लावते, डॉक्टर बघतील. पण मशीन तीनलाच."

अरे देवा! सहादेवरावांना आता लग्नाला जाता आलं असतं. अक्षता व्हायच्या होत्या. पण पाय निघेना. त्यांनी गाडी दवाखान्याच्या दारातून काढली, लांब पैसे देऊन लावायच्या जागेत ठेवली, तेवढं अंतर उन्हातून चालत परत आले आणि विष्णुपंतांच्या शेजारी बाकावर बसले.

मग विष्णुपंतांनी विचारलं, "सतरा नंबर म्हणजे श्रीरामपूरकडचे ना तुम्ही?"

"देवळाली प्रवरा."

"मी शेवगावला एकतीस वर्षं शिक्षक होतो. तुमच्या भागातली लग्नं खूप पाहिली. एक विचारू? पहिल्यांदा नंबर पुकारला, तेव्हा तुम्ही आत होतात?"

"व्हय... पन आयकू न्हाई आलं. वाजंत्री चालू हुती," सहादेवराव खाली बघत म्हणाले.

विष्णुपंत मंद हसले. "मी माईकवाल्याच्या शेजारीच उभा होतो. हॉलभर बघत होतो, कोण उठतंय म्हणून. चौथ्या रांगेतल्या एका माणसानं नंबर ऐकला आणि फेटा सारखा केला. मला वाटलं, हाच. पण तो उठला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग मीच मनात म्हटलं, हा नसेल, आणि खाली हिच्यापाशी परत आलो. असता तर फाटक अडलंय ऐकून कोण बसून राहील?"

सहादेवरावांना धरणी दुभंगावी असं झालं. खोटं बोलायला जागाच उरली नव्हती.

"गुर्जी, चुकलं माझं."

"चूक कशाची, तेही सांगा," विष्णुपंत म्हणाले. हा शिक्षक विद्यार्थ्याला अर्ध्या उत्तरावर सोडणारा नव्हता. "नाव पुकारायची वाट बघत होतात ना? शेवगावात मी असे लोक पाहिलेत, म्हणून विचारतो. कुणाला ऐकवायचं होतं?"

सहादेवराव हळूच म्हणाले, "माझ्या भावाला. चुलत भावाला."

"त्यानं काय वाईट केलं तुमचं?"

या प्रश्नावर सहादेवराव खरोखर विचारात पडले. बांध कोरला नव्हता. पाण्याची पाळी चोरली नव्हती. उलट बोअर आटली तेव्हा त्यांनीच पाइप टाकून दिला होता. "काहीच न्हाई," ते म्हणाले. "लोक त्यांना मान देत्यात. मला न्हाई देत. एवढंच."

"मलाही हा रोग झाला होता," विष्णुपंत म्हणाले. "माझ्या मागून आलेला एक जण माझ्या आधी मुख्याध्यापक झाला. दोन वर्षं मी त्याच्याशी धड बोललो नाही. एकदा त्यानं सहलीची परवानगी मागितली, मी मुद्दाम कागद दाबून ठेवला. सहल रद्द झाली. त्याचं काही बिघडलं नाही हो. रडली ती सातवीची पोरं. हेवा असाच असतो. नेम एकावर धरतो आणि लागतो भलत्याच माणसाला. तुम्ही गाडी भावाला दाखवायला लावलीत. भाऊ आत आरामात बसला होता. अडकली कोण? माझी नीला!"

सहादेवरावांनी डोळ्यांवर हात धरला.

"आणि रस्त्याचं म्हणाल," विष्णुपंत पुढं म्हणाले, "तर मोठ्या शहरात रिकामी दिसणारी जागा क्वचितच रिकामी असते. ती कुणाच्या तरी येण्याजाण्यासाठी राखलेली असते. तो माणूस त्या क्षणी तिथं नसतो, म्हणून आपल्याला ती आपली वाटते. गाडी मोठी घ्या, जरूर घ्या. पण मोठी गाडी घेतली की जबाबदारीही मोठी घ्यावी लागते. लग्नाच्या बाकीच्या गाड्या शाळेच्या मैदानात लागल्या, तेच तुम्हाला दूर वाटलं. दहा मिनिटांचं अंतर. त्याच्यापायी हिचे तीन तास गेले."

दोनच्या सुमाराला रेश्मा आणि काकासाहेब रिक्षानं दवाखान्यात आले. राखणदाराकडून त्यांना सगळं कळलं होतं. काकासाहेबांच्या हातात डबा होता, मसालेभात आणि बुंदी. त्यांनी आधी विष्णुपंतांना हात जोडले, मग डबा उघडून दोघांपुढं ठेवला. सहादेवरावांना एक शब्दही बोलले नाहीत, रागाचाही नाही.

तीनला मशीन मिळालं. सातला नीलांबरीबाई चाकाच्या खुर्चीवरून बाहेर आल्या. चेहऱ्यावर जरा टवटवी आली होती, श्वास खाली बसला होता. सहादेवराव पुढं झाले.

नीलांबरीबाईंनीच त्यांच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही अजून इथंच? आणि लग्न?"

"न्हाई गेलो."

"अगं बाई! अक्षतासुद्धा चुकल्या?" त्यांचा चेहरा खरोखर उतरला. "माझ्यामुळं झालं हो सगळं. एवढ्या लांबून आलात, नवरानवरीला बघितलंही नाहीत. फार वाईट वाटतं मला."

जिचा श्वास आपल्या गाडीमुळं कोंडला, तीच आपली क्षमा मागतेय! सहादेवरावांना ते सोसलं नाही. पन्नाशीचा गडी दवाखान्याच्या व्हरांड्यात हुंदके देऊन रडू लागला.

"आई, तुमच्यामुळं न्हाई! माझ्यामुळं! दोन येळा पुकारलं, मी मुद्दाम बसून राह्यलो!" आणि मग ते काकासाहेबांकडं वळले. "दादा, तुमी आयकावं म्हनून बसलो हुतो. मला तुमचा हेवा वाटतो. लई वाटतो. तुमचं नाव घेतलं की आत आग लागती माझ्या. गाडीबी त्याच्यापायीच घेतली."

काकासाहेबांनी हातातला डबा बाकावर ठेवला.

"मला ठाऊक हाय, सहादू," ते म्हणाले. "गाडी आनली त्या दिशी तू माझ्या दारावरनं चार चकरा मारल्या. तुझ्या वहिनीनं ओवाळायला ताट करून ठिवलं हुतं. मी वसरीवर उभा. म्हनलं, आता थांबंल, मंग थांबंल. तू हॉर्न वाजवून निघून गेला. मला दाखवायलाच आनली म्हन्तोस, मग थांबला का न्हाईस रं?"

सहादेवरावांनी वाकून थोरल्या भावाचे पाय धरले. काकासाहेबांनी त्यांना उठवलं आणि म्हणाले, "माझे पाय नंतर. आदी ह्यांना घरी सोड."

सहादेवरावांनी विष्णुपंत आणि नीलांबरीबाईंना थेट जिन्यापाशी नेऊन उतरवलं आणि गाडी लगेच मागं घेऊन फाटक मोकळं केलं. ती मैदानात, काकासाहेबांच्या गाडीशेजारी लावून ते चालत परत आले, जिना चढले आणि विष्णुपंतांचा दूरध्वनी क्रमांक लिहून घेतला. त्यानंतरचे तीन रविवार ते पहाटेच्या यष्टीनं पुण्याला गेले, नीलांबरीबाईंना रिक्षानं दवाखान्यात पोहोचवायला. चौथ्या रविवारी विष्णुपंतांनीच सांगितलं, आता पुरे, शेजारचा मुलगा येतो.

हेवा गेला का? एका दिवसात कुठं जातो तो! पुढच्याच लग्नात काकासाहेबांचं नाव माईकवर आलं आणि सहादेवरावांच्या पोटात पुन्हा कळ आली. पण या खेपेला ते शेजारच्या माणसाला म्हणाले, "माझे थोरले भाऊ हायती ते," आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. आधी जरा जोर करून, मग मनापासून.

मंडळी, आपण सारेच कधी ना कधी मोठ्या गावाला जातो, गाडी लावायला जागा शोधतो आणि "दहाच मिनिटं" म्हणून कुणाच्या तरी वाटेत उभी करून जातो. रस्ता हा कुणाच्या मोठेपणाचं प्रदर्शन मांडायची जागा नाही, तो सगळ्यांच्या जाण्यायेण्याचा आहे. चार पावलं जास्त चालल्यानं कुणाचा मान कमी होत नाही आणि कुणाची वाट अडवल्यानं तो वाढतही नाही. म्हणून गाडी उभी केलीत की लगेच चावी काढून चालू लागू नका. एकदा मागं वळून पाहा. तिथं फाटक असेल, तर फाटकाच्या आत कुणी तरी बाहेर पडायची वाट बघत बसलेलं असू शकतं.